आरोग्यसंशोधन : प्रश्नापासून उत्तरापर्यंतची वाट

वैद्यकीय क्षेत्रात जाण्याची इच्छा बाळगणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात सामान्यतः एकच चित्र असते. रुग्ण समोर बसला आहे, डॉक्टर त्याची नाडी पाहत आहेत, औषध लिहून देत आहेत, आणि काही दिवसांनी तो रुग्ण बरा होऊन आपल्या घरी जात आहे. हे चित्र खरे आहे व आदरणीयही आहे. परंतु डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध त्या रोगावर चालते हे प्रथम कोणाला, कसे आणि किती वर्षांच्या खटपटीनंतर कळले, हे त्या चित्रात कोठेच दिसत नाही. ते शोधून काढणाऱ्यांचे कार्य म्हणजेच आरोग्यविज्ञानातील संशोधन होय.

चिकित्सक आणि संशोधक यांच्या कार्यातील भेद थोडक्यात सांगता येईल. ‘समोरच्या या रुग्णास आज काय द्यावे?’ हा चिकित्सकाचा प्रश्न असतो. ‘अशा सर्वच रुग्णांना काय द्यावे, आणि तेच योग्य आहे हे कशावरून?’ हा संशोधकाचा प्रश्न असतो. पुष्कळदा एकच व्यक्ती हे दोन्ही प्रश्न विचारते. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी निराळी शिस्त, निराळे शिक्षण आणि निराळ्या प्रकारचा धीर अंगी असावा लागतो.

या क्षेत्राविषयी विद्यार्थ्यांत व पालकांत दोन समजुती रूढ आहेत. संशोधन हे परदेशांतील अथवा महानगरांतील प्रशस्त प्रयोगशाळांतच होते, ही पहिली. आणि ते असामान्य बुद्धिमत्तेच्या मूठभर लोकांचे काम आहे, ही दुसरी. दोन्ही समजुती अपुऱ्या माहितीवर आधारलेल्या आहेत. कोकणातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत आणि दख्खनच्या ज्वारी पिकविणाऱ्या भागात झालेल्या संशोधनाची उदाहरणे पाहिली म्हणजे त्यांचे निराकरण होते.

प्रश्न कोठे सापडतो?

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म जालना जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची नेमणूक झाली. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि धडधाकट शेतकरी दगावत असत. पाठ्यपुस्तकांत या विषयास फारसे स्थान नव्हते. बावस्करांनी दंश झालेल्या रुग्णांजवळ रात्ररात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, ओकारी, हातापायांचा गारठा आणि श्वासाची गती यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. या नोंदींवरून एक क्रम हळूहळू स्पष्ट होत गेला. विंचवाच्या विषाने शरीरात विशिष्ट स्रावांचा एकाएकी लोट येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेर फुफ्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावतो, असा तो क्रम होता. त्यांची ही निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पुढे पुण्यास पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून ते पुन्हा त्याच भागात आले. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. विंचूदंशातील बिघाडाचे स्वरूप ध्यानी आल्यामुळे हे औषध येथेही उपयोगी पडावे, असे अनुमान त्यांना करता आले, आणि अनुभवाने ते खरे ठरले. तीव्र विंचूदंशाच्या रुग्णांत सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. संशोधन तेथेही थांबले नाही. विंचूदंशावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर, केवळ प्राझोसिन द्यावे की त्यासोबत प्रतिविषही द्यावे, हा नवा प्रश्न उभा राहिला. महाड येथे ७० रुग्णांची दोन गटांत विभागणी करून तुलना करण्यात आली. दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण लवकर बरे होतात, हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

या उदाहरणात बारकाईने लक्ष देण्याजोगी गोष्ट म्हणजे कामाचा क्रम. प्रथम निरीक्षण, मग नोंद, नोंदींतून दिसलेला क्रम, त्या क्रमाचा अर्थ, त्या अर्थावरून सुचलेला उपाय आणि शेवटी त्या उपायाची कसोटी. यांपैकी पहिल्या दोन पायऱ्यांस घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे उपकरण आणि वही यांपलीकडे काही लागले नाही.

रोग आपल्या भागाचा, प्रश्नही आपल्या भागाचा

रोगांना भूगोल असतो. मक्यावर निर्वाह करणाऱ्या लोकांत ‘पेलाग्रा’ नावाचा त्वचेचा व मज्जासंस्थेचा विकार होतो, हे जगात पूर्वीच ज्ञात होते. परंतु हैदराबादच्या परिसरात मका न खाणाऱ्या, ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या गरीब लोकांतही हा विकार आढळत असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेशी संबद्ध असलेले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला आणि ज्वारीतील ‘ल्युसिन’ या घटकाच्या आधिक्याशी या विकाराचा संबंध असावा, असा विचार १९६० साली मांडला. या उपपत्तीविषयी पुढे तज्ज्ञांत मतभेदही झाले आणि संशोधनाच्या व्यवहारात ते स्वाभाविकच आहे. तथापि हा प्रश्न दूरदेशीच्या एखाद्या प्रयोगशाळेत सुचण्याचा संभव फारच थोडा होता. ज्या भूमीत ज्वारी हे मुख्य अन्न आहे, तेथेच तो सुचला.

दुसरे उदाहरण माकडतापाचे. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास खेड्यांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. माकडे मरत असल्यामुळे आफ्रिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका प्रथम घेण्यात आली. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी शोध घेतला असता हा विषाणू अगदी निराळा असून तो जंगलातील गोचिडींच्या द्वारे पसरतो, असे निष्पन्न झाले. ‘क्यासनूर जंगल रोग’ हे नाव त्यास त्या जंगलावरून मिळाले.

हा रोग तेथेच थांबला नाही. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबर ते मे हा काळ गोचिडीच्या त्या कोवळ्या अवस्थेचा असतो, ज्या अवस्थेत ती माणसास चावते. काजूचा हंगामही याच काळात येतो. त्यामुळे काजूच्या बागांत राबणारे, विशेषतः शेजारच्या जिल्ह्यांतून गोव्यात हंगामापुरते येणारे मजूर या रोगाच्या तावडीत सापडले. पूर्वी वापरात असलेल्या लसीचे संरक्षण अपुरे ठरल्यामुळे तिचा वापर थांबविण्यात आला आणि नव्या लसीचे प्रयत्न हाती घेण्यात आले. या रोगावर खास असे विषाणुनाशक औषध अद्याप नाही. काजूच्या बागेत कोण, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामासाठी जातो, हे ज्यास घरच्या अनुभवाने ठाऊक आहे, अशा गोव्यातील वा बेळगावातील विद्यार्थ्यास येथे काम करण्यास मोठा वाव आहे. जो रोग जगाच्या एका छोट्या कोपऱ्यात होतो, त्याच्याविषयी त्या कोपऱ्यातील माणसांनी प्रश्न विचारला नाही, तर तो कोणीच विचारत नाही.

कोणते शिक्षण घ्यावे?

माकडतापाच्या शोधात डॉक्टरांबरोबर विषाणूंचे अभ्यासक, कीटक व गोचिडींचे जाणकार, प्राणिशास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांचा सहभाग होता. आरोग्यसंशोधनाची दारे एकाहून अधिक आहेत, हे यावरून दिसून येईल. त्यांतील तीन प्रमुख होत.

पहिले दार वैद्यकीय पदवीचे. एमबीबीएस अभ्यासक्रमास साडेचार वर्षे, त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता आणि पुढे एम. डी. पदवीसाठी तीन वर्षे लागतात. एम. डी.साठी प्रबंध लिहावा लागतो. पुष्कळ विद्यार्थी तो केवळ औपचारिकता म्हणून उरकतात. वस्तुतः मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रश्न मांडण्याची व तो तपासण्याची ती पहिली संधी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ साली वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन विद्यावृत्तीची योजना सुरू केली. दोन महिन्यांच्या मुदतीत पूर्ण होईल असा एखादा छोटा प्रश्न निवडून त्यावर काम करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. पुढे संशोधक होणार नाही अशा विद्यार्थ्यासही या अनुभवाचा लाभ होतो. कारण इतरांचे संशोधन पारखून घेण्याची दृष्टी त्यातून येते.

दुसरे दार मूलभूत विज्ञानाचे. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान अथवा औषधनिर्माणशास्त्र यांतील पदव्युत्तर पदवीनंतर पीएच. डी. करता येते. या वाटेने गेलेल्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र शिकल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून पदव्युत्तर पदवी मिळविली. वैद्यकीय पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही पेशींच्या अभ्यासातून त्या कर्करोगाकडे वळल्या, डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी संपादन केली, आणि अमेरिकेतील प्रशिक्षणानंतर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना ‘पद्मभूषण’ प्राप्त झाले.

तिसरे दार सार्वजनिक आरोग्य, साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे. किती लोकांना, कोठे, केव्हा व कोणत्या परिस्थितीत रोग होतो, याचा हिशेब मांडणे हे या शाखांचे काम. गणितात गती असलेल्या विद्यार्थ्यास, परिचर्या शाखेच्या पदवीधरास, तसेच समाजशास्त्राच्या अभ्यासकासही येथे स्थान आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था या विषयाच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच. डी.साठी किमान तीन वर्षांचा काळ ठरविण्यात आला. प्रत्यक्षात चार-पाच वर्षे लागतात, असे गृहीत धरून चालणे श्रेयस्कर. राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षेत यश मिळविणाऱ्यास या काळात कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती मिळू शकते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये, आणि पुढील वर्षांतील वरिष्ठ विद्यावृत्तीची रक्कम ४२,००० रुपये करण्यात आली. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याने या परीक्षेची तयारी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षापासूनच करावी.

संस्थांसाठी फार दूर जावे लागते असेही नाही. बेळगावात राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. वनौषधींचा व आयुर्वेदाचा अभ्यास केलेल्यांना तिचा विचार करता येईल. गोव्यात १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचा वारसा सांगणारे बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय व गोवा विद्यापीठ आहे. हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आणि पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र आहे. ग्वाल्हेरात संरक्षण खात्याची संशोधन व विकास आस्थापना आहे. इंदूरच्या विद्यार्थ्यास भोपाळची पर्यावरण व आरोग्य या विषयावरील राष्ट्रीय संस्था जवळची आहे. बडोद्यात महाराज सयाजीराव विद्यापीठाचे विज्ञान विभाग आहेत. पुण्या-मुंबईतील संस्था तर सर्वांना परिचित आहेतच.

उत्तर खरे आहे हे कशावरून?

प्रश्न मांडल्यावर संशोधकाचे खरे काम सुरू होते. मनासारखे उत्तर मिळाले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. औषध दिले आणि रुग्ण बरा झाला, एवढ्यावरून औषधाने तो बरा झाला असे ठरत नाही. कदाचित तो आपोआपही बरा झाला असता. या शंकेचे निरसन करण्याची पद्धत बेळगाव जिल्ह्यात झालेल्या एका अभ्यासावरून चांगली समजते.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण आहे. तो टाळण्यासाठी रुग्णालयांत वापरले जाणारे ऑक्सिटोसिन हे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते व ते टोचण्यास कुशल व्यक्ती लागते. घरी वा उपकेंद्रात प्रसूत होणाऱ्या स्त्रीस त्याचा उपयोग होणे कठीण. मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या मात्र उष्णतेत टिकतात व तोंडाने घेता येतात. त्या खेड्यात परिचारिकेने दिल्यास उपयोग होईल काय, हा प्रश्न बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत हाती घेतला. २००२ ते २००५ या काळात १,६२० स्त्रियांनी या अभ्यासात भाग घेतला. कोणास औषध मिळावे व कोणास औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळावी, हे केवळ योगायोगाने ठरविण्यात आले. आणि कोणास काय मिळाले हे परिचारिकेसही माहीत नव्हते. रक्तस्राव अंदाजाने न ठरविता, खुणा केलेली पिशवी असलेले प्लॅस्टिकचे आच्छादन वापरून तो प्रत्यक्ष मोजण्यात आला. निष्क्रिय गोळी मिळालेल्या स्त्रियांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के, तर औषध मिळालेल्या स्त्रियांत ते ६.४ टक्के आढळले. हा निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि ज्या ठिकाणी इंजेक्शन पोहोचत नाही तेथे या गोळ्यांचा वापर करण्याच्या विचारास त्याने बळ दिले.

या अभ्यासातील प्रत्येक तपशिलास कारण आहे. गट योगायोगाने पाडले नसते, तर अधिक सशक्त स्त्रियांना नकळत औषध दिले गेले असते. परिचारिकेस गोळीचा प्रकार कळला असता, तर तिच्या अपेक्षेचा रंग नोंदींवर चढला असता. रक्तस्राव नजरेने ठरविला असता, तर तो बहुधा कमीच नोंदला गेला असता. स्वतःच्या मनाची फसवणूक टाळण्याच्या या युक्त्या आहेत. आवडती कल्पना चुकीची ठरू शकेल अशी परीक्षा तिच्यासाठी स्वतःच रचण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्यानेच या व्यवसायात पाऊल टाकावे.

माणसावरील प्रयोगाची मर्यादा

आरोग्यसंशोधनात अभ्यासाचा विषय माणूस असतो, म्हणून त्यास नीतीचे बंधन अटळ आहे. या संदर्भात एक जुनी घटना उद्बोधक आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली असता वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे लाखो लोकांना ती देण्यात आली. परंतु १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने मृत्यू पावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता, या पुराव्याकडे प्रारंभी पुरेसे लक्ष देण्यात आले नाही. मलेरियाच्या संशोधनाने प्रसिद्ध असलेले रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. एका चिमट्याच्या हयगयीने १९ जीव गेले व एका शास्त्रज्ञाच्या आयुष्याची पाच वर्षे काळवंडली. क्षुल्लक वाटणारी कृती आणि तिची नोंद यांस या क्षेत्रात किती मोल आहे, हे यावरून कळून येते.

आज कोणताही अभ्यास सुरू करण्यापूर्वी नीतिसमितीची संमती घ्यावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयावरील आपली मार्गदर्शक तत्त्वे वेळोवेळी सुधारली असून २०१७ साली त्यांची विस्तृत आवृत्ती प्रसिद्ध केली. औषधांच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत पूर्वनोंदणी करणे २००९ पासून बंधनकारक झाले आहे. अभ्यासात सहभागी होणाऱ्यास त्याचा हेतू, लाभ व धोका समजावून सांगून संमती घ्यावी लागते. आणि नकार दिल्यास त्याच्या उपचारात उणीव येणार नाही, याची हमी द्यावी लागते.

मराठी भाषक विद्यार्थ्याचे बलस्थान नेमके येथेच आहे. मराठी माध्यमातून शिकलेले पुष्कळ विद्यार्थी इंग्रजीच्या धास्तीने संशोधनाचा विचार सोडून देतात. शोधनिबंध इंग्रजीत लिहावे लागतात हे खरे. परंतु ते लेखन सरावाने साधते. रुग्णाच्या अंगणात बसून त्याच्याच बोलीत प्रश्न विचारणे, आणि त्याने ‘जीव घाबरा होतो’ किंवा ‘अंग मोडून येते’ म्हटले असता त्याचा नेमका अर्थ ओळखणे, हे मात्र पुस्तकातून शिकता येत नाही. बेळगावात मराठीबरोबर कन्नड, गोव्यात कोकणी, हैदराबादेत तेलुगू व दख्खनी, बडोद्यात गुजराती आणि इंदूर-ग्वाल्हेरात हिंदी सहज बोलणारा तरुण हा संशोधकांच्या कोणत्याही पथकास मोलाचा सहकारी ठरतो.

या वाटेचे मोल

या व्यवसायाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपासून लपविणे योग्य होणार नाही. बरोबरीचे मित्र दवाखाना थाटून स्थिरावलेले असताना संशोधक पस्तिशीच्या उंबरठ्यावर अद्याप विद्यावृत्तीवर असू शकतो. पुष्कळ पदे ठराविक मुदतीच्या प्रकल्पापुरती असतात. वर्षभराच्या प्रयोगातून काहीच हाती न येणे, पाठविलेला निबंध साभार परत येणे, हे नित्याचे अनुभव आहेत. विवाह व अपत्यसंगोपन यांची वर्षे आणि पीएच. डी.ची वर्षे एकाच वेळी येत असल्याने स्त्री-संशोधकांवर अधिक ताण पडतो. कुटुंबीयांचा आधार नसेल तर अनेक गुणी मुली येथेच थांबतात. पालकांनी ही गोष्ट विशेषेकरून ध्यानात घ्यावी.

अपयशाशी वागावे कसे, याचे उदाहरण सिकंदराबादेत घडले. मलेरिया डासांमुळे पसरतो या तर्काचा पाठपुरावा करणारे लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी तेथे १८९५ पासून असंख्य डासांचे विच्छेदन केले. ते सर्व डास चुकीच्या जातीचे होते. त्यांत काहीही सापडले नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी, ठिपकेदार पंखांच्या निराळ्या जातीच्या एका डासाच्या जठरात त्यांना मलेरियाच्या जंतूची खूण आढळली. १९०२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना या कार्याबद्दल मिळाले. आधीच्या निष्फळ डासांच्या नोंदी त्यांनी काळजीपूर्वक ठेवल्या होत्या, म्हणूनच नव्या डासाचे वेगळेपण त्यांच्या नजरेत भरले. नीट नोंदविलेले अपयशही संशोधनात वाया जात नाही.

विद्यार्थ्यांनी आरंभ कसा करावा?

पदवी हाती येण्याची वाट न पाहता पुढील गोष्टी आजपासून करता येतील.

१. एक वही करावी. स्वतःच्या गावात वा वस्तीत कोणत्या महिन्यात कोणते आजार वाढतात, याबाबत वर्षभर निरीक्षण करून लिहावे. तारखेशिवाय एकही नोंद करू नये आणि कोणाचेही नाव वहीत लिहू नये.

२. या नोंदींतून एकच प्रश्न निवडावा आणि तो एका वाक्यात मांडावा. जो प्रश्न एका वाक्यात मावत नाही, तो अद्याप पुरता समजलेला नसतो.

३. त्या प्रश्नाविषयी पूर्वी काय लिहिले गेले आहे, हे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून शोधावे. आठवड्यास एक शोधनिबंध वाचावा, आणि ‘लेखकांचा निष्कर्ष चुकीचा असेल तर तो कशामुळे?’ याचे उत्तर वहीत लिहावे.

४. संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख करून घ्यावी. सरासरी, प्रमाण आणि योगायोगाची शक्यता या तीन कल्पना पक्क्या झाल्या तरी पुष्कळ मजल गाठली जाते.

५. मार्गदर्शकाची निवड संस्थेच्या नावावरून न करता त्यांच्या हाताखालील विद्यार्थ्यांना भेटून करावी. ते विद्यार्थी वेळेवर पदवी घेऊन बाहेर पडले काय, आणि आज कोठे काम करीत आहेत, याची विचारपूस करण्यात संकोच बाळगू नये.

सत्तरीच्या बागांत दरवर्षी काजू पिकतो आणि त्याच महिन्यांत गोचिडीही निघतात. बागेत राबणाऱ्या मजुराच्या घरी वाढलेला एखादा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात पोहोचेल, वही उघडेल आणि पहिली तारीख लिहील, तेव्हा त्या भागातील संशोधनाचा खरा प्रारंभ होईल. त्यांना वाट दाखविणे हे शिक्षकांचे काम आहे, आणि वाटेत थांबावे लागले तरी धीर देणे हे घरच्यांचे.